विश्लेषण : घरातली रोपे मेमध्ये करपतात, जुलैत कुजतात, असे का?

शहापूर किंवा कल्याणहून आणलेले अरेका पामचे रोप डोळखांबच्या घरात हिवाळाभर टवटवीत राहते. एप्रिल उजाडला की पानांची टोके तपकिरी पडू लागतात. मग घाबरून पाणी वाढवले जाते. उन्हाळ्यातून कसेबसे तगलेले तेच रोप जुलैत मुळाशी कुजते. दोन्ही वेळा दोष पाण्याला दिला जातो. खरे कारण बहुतेकदा हवेत असते.

उन्हाळ्यात नेमके काय घडते?

हवा जितकी तापते, तितके जास्त बाष्प तिच्यात मावते. २५ अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत सुमारे २३ ग्रॅम, तर ४० अंशांना सुमारे ५१ ग्रॅम. म्हणजे पहाटे २५ अंशांना ८० टक्के आर्द्रता असलेली हवा दुपारी ४० अंशांवर गेली, तर बाष्प तेवढेच राहूनही आर्द्रता ३५ ते ४० टक्क्यांवर घसरते. अशी तहानलेली हवा पानांतून पाणी ओढते. मुळांना तेवढ्या वेगाने ते पुरवता येत नाही आणि टोके आधी वाळतात. अरेका मूळचा मादागास्करचा, पीस लिली मध्य अमेरिकेतल्या दमट जंगलांतली. त्यांना ही दुपार सोसत नाही.

मुंबईत समुद्रामुळे मे महिनाही दमट असतो. डोळखांब मात्र सह्याद्रीच्या पायथ्याशी, किनाऱ्यापासून आत आहे आणि इथे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. त्यामुळे मुंबईकर नातलगाचा सल्ला इथे जसाच्या तसा लागू पडत नाही.

पाणी फवारून उपयोग होतो का?

फारसा नाही. फवारलेले पाणी काही मिनिटांत उडून जाते आणि आर्द्रता पुन्हा मूळ पदावर येते. भातसा, तानसा धरणे ज्या तालुक्यात आहेत, तिथल्याच अनेक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. तिथे दिवसातून चार वेळा फवारा मारणे परवडणारेही नाही.

त्यापेक्षा जागा बदलणे फुकट आणि अधिक परिणामकारक. पत्र्याच्या घरात सर्वात गरम हवा छपराखाली साचते, म्हणून टांगलेली कुंडी आधी खाली उतरवावी. पश्चिमेच्या भिंतीपासून दूर, फरशीवर किंवा सारवलेल्या जमिनीवर रोपे एकत्र ठेवावीत. एकमेकांच्या पानांतून निघणारे बाष्प त्यांनाच थोडे उपयोगी पडते. पिण्याच्या माठाशेजारची जागा तर उत्तमच, फक्त तिथे उजेड हवा. माठातून पाझरणारे पाणी उडताना आसपासची हवा किंचित गार आणि दमट करते. खिडकीला ओले गोणपाट लावले तर तेच काम मोठ्या प्रमाणावर होते. कुंडीखाली पाण्याची बशी ठेवण्याऐवजी ओली वाळू ठेवावी, म्हणजे डासांची भीती राहत नाही. पंख्याचा थेट झोत मात्र टाळावा.

पावसाळ्यात उलटे का करायचे?

जुलैत हवा आधीच बाष्पाने भरलेली असते. पानांतून पाणी फारसे उडत नाही, त्यामुळे मुळे ते फारसे शोषतही नाहीत. त्यात ढगाळ उजेडामुळे वाढ मंदावते. मेमधल्या सवयीने रोज तांब्याभर पाणी घातले तर माती चिखल होऊन राहते, मुळांना हवा मिळत नाही आणि बुरशी शिरते. बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे. ओल लागली तर पाणी घालू नये. रोपे आता एकमेकांपासून सुटी करून खिडकीजवळ आणावीत. उन्हाळ्यात नकोसा असलेला पंखा या दिवसांत मंद गतीने चालू ठेवलेला चांगला.

हिवाळ्यात फारशी चिंता नसते. पहाटे पारा १२ अंशांखाली जाण्याइतका गारठा पडला, तर पीस लिली, मनी प्लांट खिडकीपासून आत घ्यावेत, एवढेच.

आर्द्रता मोजायची कशी?

आर्द्रतामापक ३००-४०० रुपयांत मिळतो, पण घरातली साधनेही पुरेशी बोलकी आहेत. माठातले पाणी छान गार लागते तेव्हा हवा कोरडी असते. मीठ पाझरू लागले आणि डब्याबाहेर राहिलेला पापड तासाभरात मऊ पडला, की झारी बाजूला ठेवावी. एवढी देखभाल जमणार नसेल तर स्नेक प्लांट निवडावा. त्याची पर्णरंध्रे मुख्यतः रात्री उघडतात, त्यामुळे मेची दुपार तो निभावतो. पावसाळ्यातले जादा पाणी मात्र त्यालाही मारते.