नवख्याला पहिलं उत्तर

सकाळी ६.००
सावंगी (मेघे). दवाखान्याच्या रस्त्यावर चहाच्या टपऱ्या सुरू झाल्यात. झेरॉक्सवाले भाऊ अजून घरीच आहेत. मोबाइलवर मराठी विकिपीडियाचं ‘अलीकडील बदल’ उघडलंय. काल २७ फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन झाला. या सुमारास कॉलेजांत कार्यशाळा होतात, पोरं खाती उघडतात. आज यादीत नवी नावं बरीच आहेत. नावापुढचा ‘चर्चा’ हा दुवा लाल दिसला, की त्या माणसाशी अजून कुणी बोललेलं नाही. भाऊ आधी तिथं जातात. स्वागताचा साचा, म्हणजे तयार मजकूर, लावतात. खाली स्वतःची एक ओळ लिहितात: ‘काही अडलं तर इथंच विचारा.’ सहीसाठी चार टिल्ड. जतन.

८.३०
शटर वर. कागद काल संपत आला होता, म्हणून मशीनमध्ये नवा भरला. पहिलं गिऱ्हाईक रुग्णाचा मुलगा. आधार, रेशन कार्ड, जनआरोग्य योजनेचे कागद.
“भाऊ, दोन दोन प्रती काढा जी.”
पानाला २ रुपये. रेशन कार्डाचं मागचं पान राहिलं होतं, ते भाऊंनीच उलटून काढलं. नाहीतर त्याला खिडकीवरून परत यावं लागलं असतं.

११.१५
गर्दी ओसरली. काउंटरमागच्या कॉम्प्युटरवर एक नवं पान दिसतंय, नाव नुसतं ‘सावंगी’. मजकूर दोन ओळींचा: ‘आमचे सावंगी हे अतिशय सुंदर व प्रगत गाव आहे. येथील लोक प्रेमळ आहेत.’ पान काढण्याचा साचा लावायला एक क्षण पुरला असता. भाऊंनी पान लिहिणाऱ्याच्या धूळपाटीत, म्हणजे सरावाच्या पानावर, हलवलं आणि निरोप लिहायला बसले. सावंगी नावाची गावं विदर्भात पुष्कळ, म्हणून शीर्षकात ‘(मेघे)’ हवं. ‘आमचे’ नको, कारण पान सगळ्यांचं आहे. ‘सुंदर’ऐवजी जे दाखवता येईल ते लिहा: तालुका, जिल्हा, दवाखाना, मेडिकल कॉलेज. लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतून घ्या, संदर्भ द्या. शेवटी, ‘सुरुवात चांगली आहे, पुढं लिहा.’ मधे तीनदा उठावं लागलं. निरोपाला वीस मिनिटं गेली, गल्ल्यात १८ रुपये आले.

दुपारी १.४५
लाइट गेली. पोळी-भाजीचा डबा उघडून भाऊ मोबाइलवर. विनोबा भाव्यांच्या लेखात कुणीतरी जन्मसाल १८९५ चं १९८५ केलंय. विनोबा १९८२ मध्ये पवनारला वारले, तेव्हा हे साल बसतच नाही. खोडी असेल किंवा बोट घसरलं असेल. या खात्याचं हे पहिलंच संपादन. भाऊंनी बदल उलटवला आणि चर्चापानावर लिहिलं: ‘आकडे मागेपुढे झाले असावेत. सराव धूळपाटीत करा, तिथं काही मोडत नाही.’

४.३०
बाह्यरुग्ण विभाग सुटला. काउंटरवर रांग. लॅमिनेशनचं मशीन तापायला वेळ घेतंय, लोक घाईत. सगळे आटोपल्यावर भाऊंनी स्क्रीन पाहिली. एका नव्या सदस्यानं आपल्या दुकानाचं पान टाकलंय, फोन नंबर आणि सवलतीसकट. ते इथं राहू शकत नाही. पान काढायचा अधिकार प्रचालकांना. भाऊंनी पान काढण्याचा साचा लावला आणि मालकाला कारणही लिहिलं: विश्वकोशात जाहिरात चालत नाही, पण तुमच्या बाजारपेठेचा इतिहास छापील आधारासह लिहिलात तर तो हवाच आहे.

रात्री ९.३०
शटर खाली. टोनर, कागद, वीज वजा करून दिवस बरा गेला. विकिपीडियाच्या कामाचा पगार नाही. डेटा पॅकही स्वतःचाच. घरी आल्यावर सकाळच्या सावंगीकराचं उत्तर दिसलं: “सर, संदर्भ कसा देतात?” भाऊंनी क्रमानं सांगितलं. वाक्य संपलं की तिथं कर्सर ठेवा, संदर्भ देण्याच्या खुणेवर टिचकी मारा, पुस्तकाचं किंवा अहवालाचं नाव, वर्ष, पान लिहा. पंधरा मिनिटांनी धूळपाटीत जनगणनेचा संदर्भ आला. ‘प्रेमळ’ गेलं. ‘वर्धा तालुक्यातील गाव’ आलं.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून असाच वाढत आलाय, बिनपगारी हातांनी. पहिल्याच दिवशी मजकूर उडाला आणि कुणी कारण सांगितलं नाही, तर नवा माणूस सहसा परत येत नाही. म्हणून जुन्या संपादकांना विनंती: उलटवा, पण दोन ओळी लिहा. आणि तुम्ही अजून खातं उघडलं नसेल, तर उघडा. आपल्या गावाचं पान शोधा. एक वाक्य जोडा, त्याला एक संदर्भ द्या. अडलं तर चर्चापानावर विचारा.