या माणसाला कोणती भाजी आवडत असेल?

रेल्वेच्या फलाटावर माणसांची मनं तपासावीत, ही कल्पना हार्वर्डच्या रायन एनोस यांना सुचली. ठाणे-डोंबिवलीकरांना त्यात नवल वाटणार नाही. बॉस्टनच्या बाहेर बहुतांश गोऱ्या वस्तीची उपनगरं आहेत आणि तिथली माणसं रोज ठरलेल्या गाडीने कामाला जातात. एनोस यांनी तिथल्या फलाटांवर स्पॅनिश बोलणाऱ्या तरुणांच्या जोड्या रोज त्याच वेळेला उभ्या केल्या. त्यांनी काही करायचं नव्हतं, फक्त गाडीची वाट बघत थांबायचं. प्रवाशांची मतं आधीच विचारून ठेवली होती. तीन दिवसांनी पुन्हा विचारली, तर परदेशातून येणाऱ्यांबद्दलची त्यांची भूमिका कडक झालेली. कारण काय, तर दोन अनोळखी माणसं रोज नजरेला पडत होती! दहा दिवसांनी विचारलं तेव्हा हा कडकपणा बराच उतरला होता. लोक आता ओळखीचं हसतात, असं त्या तरुणांनीही कळवलं. 2014 साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

आपल्याकडे दहा दिवस कसले, वीस-वीस वर्षं माणसं एकमेकांच्या खांद्याला खांदा घासत लोकलने जातात. या हिशेबाने कल्याण ते ठाणे हा पट्टा एव्हाना सलोख्याचं माहेरघर व्हायला हवा होता. तसा तो झालेला नाही. ऑगस्ट 2022 मध्ये कळव्याला प्रवाशांनी एसी लोकल अडवली. त्यामागची तक्रार रास्त होती, कारण एसी गाडीचं तिकीट परवडत नाही आणि साधी गाडी मिळत नाही. पण ‘एसीवाले’ ही जमात त्याआधी कुठे होती? काल एकाच दारात लोंबकळणारी माणसं पासाच्या किमतीवरून दोन गटांत विभागली गेली. डिसेंबर 2024 मध्ये कल्याणच्या एका गृहसंकुलात दाराबाहेर लावलेल्या धुपावरून शेजाऱ्यांत मारामारी झाली. पाहता पाहता ते मराठी विरुद्ध परप्रांतीय असं प्रकरण झालं आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात गाजलं.

ॲरिस्टॉटलने राग आणि द्वेष यांत फार पूर्वी फरक केला होता. राग एखाद्या माणसावर असतो, तर द्वेष आख्ख्या जातकुळीचा करता येतो. धुराचा राग येणं समजू शकतं. त्या रागाचा ‘हे लोक असलेच’ कधी होतो, ते मात्र कळतही नाही.

हे होतं कसं, याचा शोध हेन्री ताजफेल यांनी घेतला. ते मूळचे पोलंडचे ज्यू. महायुद्धात कैदी होते म्हणून वाचले, पण घरचे बहुतेक सगळे गेले. माणूस माणसाशी असं का वागतो, हा त्यांच्यासाठी पुस्तकी प्रश्न नव्हता. 1970 च्या सुमारास त्यांनी ब्रिस्टलमधल्या शाळकरी मुलांना क्ली आणि कँडिन्स्की या चित्रकारांची चित्रं दाखवली आणि कोणाची आवडली त्यावरून गट पाडल्याचं सांगितलं. खरं तर गट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे पाडले होते. आपल्या गटात कोण आहे हेही मुलांना ठाऊक नव्हतं. तरीही पैसे वाटायला दिल्यावर त्यांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. आपल्या गटाला चार पैसे कमी मिळाले तरी चालतील, पण समोरच्यापेक्षा जास्त मिळाले पाहिजेत, असाही हिशेब मुलं करत होती. म्हणजे गट पडायला वैर लागत नाही, नाव पुरतं.

मग मेंदूतच खोट आहे म्हणायची का? मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण म्हणजे एक भाजीचा प्रयोग. 2005 साली मेरी व्हीलर आणि सुझन फिस्क यांनी गोऱ्या स्वयंसेवकांना स्कॅनरमध्ये झोपवून अनोळखी काळे-गोरे चेहरे दाखवले. धोक्याची वर्दी देण्यात मेंदूतल्या अमिग्डाला या बदामाएवढ्या भागाचा मोठा वाटा असतो. ‘हा माणूस एकवीस वर्षांच्या वरचा आहे का?’ असं विचारलं, म्हणजे माणसाला एखाद्या खान्यात टाकायला लावलं, की काळ्या चेहऱ्यांना हा भाग अधिक प्रतिसाद द्यायचा. ‘या माणसाला अमुक भाजी आवडत असेल का?’ असं विचारलं की तो फरक दिसेनासा व्हायचा. चेहरे तसेच अनोळखी होते, स्कॅनरही तोच. फक्त बघणाऱ्याला क्षणभर समोरच्याच्या ताटात डोकवावं लागलं होतं.

संध्याकाळच्या कल्याण लोकलच्या लेडीज डब्यात हा प्रयोग बिनखर्चात चालू असतो. मांडीवर पिशवी पसरून मटार सोलायचे, मेथी निवडायची. शेजारणीच्या पिशवीतली गवार निम्मी आपण मोडून द्यायची. तिचं आडनाव ठाऊक नसतं, पण तिच्या सासूला कारलं चालत नाही हे ठाऊक असतं. डब्यात डोहाळजेवणं होतात, दसऱ्याला गाडीला तोरण लागतं. सकाळी मात्र हाच प्रेमळ ग्रुप दिव्याच्या नाहीतर मुंब्र्याच्या बाईला दारातून आत सरकू देत नाही. ग्रुपमधली माया आणि ग्रुपबाहेरचा कडवेपणा एकाच डब्यातून प्रवास करतात. दिवेकरांचा संताप 2 जानेवारी 2015 रोजी रुळांवर उतरला, तेव्हा मध्य रेल्वे काही तास ठप्प झाली होती.

ओळख नेमकी कोणत्या परिस्थितीत उपयोगी पडते, हे गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 साली लिहून ठेवलं आहे. दोघांचा दर्जा सारखा हवा, काम एक हवं, ते मिळून करायचं असावं आणि वरून यंत्रणेचा पाठिंबा हवा. पुढे पेटिग्रू आणि ट्रॉप यांनी 515 अभ्यास एकत्र करून तपासले. संपर्काने पूर्वग्रह कमी होतो, असंच चित्र बहुतेकांत दिसलं आणि या अटी पाळल्या असतील तिथे ते जास्त ठळक होतं.

याचं जिवंत उदाहरण कल्याणपासून खाडीपलीकडे, भिवंडीत आहे. मे 1970 मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीनंतर तिथे दंगल उसळली. मे 1984 मध्ये पुन्हा आग लागली आणि ती ठाणे, कल्याण, मुंबईपर्यंत गेली. दोनशेहून अधिक माणसं मेली. खरं तर यंत्रमागाच्या या गावात हिंदू-मुसलमानांचं एकमेकांवाचून चालत नव्हतं. कारखानदार, सूत देणारा, कापड उचलणारा आणि कामगार सगळे एकाच धंद्यात अडकलेले. पण धंद्यातल्या गरजेने दंगल थांबली नाही.

1988 मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या काढल्या. अशा सुमारे सत्तर. प्रत्येकीत हिंदू आणि मुसलमान सारख्या संख्येने, सोबत त्या भागाचा पोलीस. खरी हुशारी कामाच्या निवडीत होती. एकात्मतेवर भाषणं ठोकत बसण्याऐवजी गल्लीतले किरकोळ तंटे कमिटीपुढे यायचे, आणि ते मिटवताना माणसं परस्परांना पारखून घ्यायची. अफवा उठली तर खरं-खोटं कोणाला विचारायचं, हे त्यामुळे आधीच ठरलेलं असे. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबईत सुमारे नऊशे माणसं मारली गेली. भिवंडी शांत राहिली. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी 2002 च्या आपल्या पुस्तकात तिची दखल घेतली. शेजारपाजारच्या जाण्या-येण्यापेक्षा बांधीव संस्था दंगल जास्त रोखतात, हे त्यांचं म्हणणं. शेजारधर्मावर भरवसा ठेवणाऱ्या आपल्यासारख्यांना ते जरा टोचतं.

या औषधाला मर्यादाही आहेत. इराकमध्ये सल्मा मूसा यांनी ख्रिस्ती फुटबॉल संघांत मुसलमान खेळाडू घातले. संघात दोस्ती झाली, पण मैदानाबाहेरच्या अनोळखी मुसलमानापर्यंत ती फारशी पोचली नाही. मॅट लो यांनी उत्तर प्रदेशात जातीपातींची सरमिसळ करून क्रिकेटचे सामने भरवले. एका संघातून खेळणाऱ्यांत मैत्री वाढली. समोरच्या संघातल्या परजातीच्या खेळाडूंशी जास्त गाठ पडली, तिथे मात्र ती उलट घटली. भिवंडीतही जुलै 2006 मध्ये पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून वाद पेटला. गोळीबारात दोघे आंदोलक गेले आणि नंतर जमावाने दोन पोलीस शिपायांना ठार मारलं. अधिकारी बदलून जातात, नव्याने आलेल्याला ओळख मुळापासून करावी लागते.

घोडबंदर रोडला आणि कल्याण-शीळ रस्त्याला आज जे टॉवर उभे राहताहेत, त्यांच्या सोसायटी कमिट्यांना ऑलपोर्टच्या बऱ्याच अटी आयत्या मिळाल्या आहेत. टँकरचं बिल, लिफ्टची दुरुस्ती, गळती ही कामं सगळ्यांची असतात, आणि मागे सहकार कायदा असतो. अडतं ते समान दर्जापाशी. फ्लॅट कोणाला विकायचा, मासे खाणाऱ्याला द्यायचा का, हे पुष्कळदा कमिटी बसण्याआधीच ठरलेलं असतं. भाडेकरू तिथे दहा वर्षं राहिला तरी सर्वसाधारण सभेत त्याला मत नसतं.