तोंडातला अडकित्ता

कुत्रा हाड कसे खातो, हे तुम्ही पाहिले असेलच. पुढच्या दातांनी तो हाड उचलतो. पण फोडायची वेळ आली की मान तिरकी करून ते गालाच्या कोपऱ्यात सरकवतो. असे का? याचे उत्तर त्याच्या जबड्याच्या रचनेत आहे. ही रचना समजली, की त्याच्या रानातल्या भाईबंदांच्या आहाराचाही उलगडा होतो.

४२ दातांचा हिशेब

माणसाला ३२ दात, तर पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला ४२. वरच्या जबड्याच्या एका बाजूस पटाशीचे ३, सुळा १, उपदाढा ४ आणि दाढा २, असे १० दात असतात. खाली एक दाढ जास्त, म्हणून ११. एका बाजूचे २१. दोन्ही बाजूंचे ४२. लांडगा आणि कोल्हा यांचाही हिशेब हाच.

पटाशीचे दात हाडावरचे मांस कुरतडतात. सुळे भक्ष्य पकडून ठेवतात. वरची चौथी उपदाढ आणि खालची पहिली दाढ ही जोडी मात्र खास आहे. त्यांच्या धारदार कडा एकमेकींना घासत जातात आणि मधले मांस कात्रीने कापावे तसे कापले जाते. या जोडीला आपण ‘कातरदाढा’ म्हणू. त्यामागच्या दाढा बसकट असतात. त्यांचे काम चिरडण्याचे.

जोर कोठून येतो?

आता अडकित्ता आठवा. सुपारी आपण पात्याच्या टोकाशी ठेवत नाही, सांध्याजवळ ठेवतो. तेथे कमी श्रमात जास्त जोर लागतो. तरफेचा हाच नियम जबड्याला लागू पडतो. सुळे जबड्याच्या सांध्यापासून दूर, तर कातरदाढा त्याच्या जवळ असतात. म्हणूनच कुत्रा हाड गालाकडे नेतो.

या सांध्यात खालच्या जबड्याचे टोक आडव्या लाटण्यासारखे असून ते कवटीच्या खाचेत घट्ट बसते. त्यामुळे जबडा बिजागरीसारखा वर-खाली हलतो; रवंथ करणाऱ्या म्हशीसारखा आडवा फिरत नाही. कात्रीचा खिळा ढिला झाला तर कापड कापले जाईल का? तसेच हे आहे.

जसा आहार, तशा दाढा

आपल्या जंगलांत कोळसून हा रानकुत्रा राहतो. मुंबई लष्करातील अधिकारी विल्यम साइक्स यांनी १८३१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दख्खनच्या प्राण्यांच्या यादीत त्याचे हे मराठी नाव आढळते. कळपाने चितळ, सांबर मारणारा हा प्राणी जवळजवळ पूर्ण मांसाहारी आहे. त्याला खालची शेवटची दाढ नसते. म्हणून दात ४०. चिरडण्याचे काम कमी, तशा दाढाही कमी!

कोल्हा आणि खोकड उंदीर खातात, किडे खातात आणि बोरांवरही ताव मारतात. त्यांना मागच्या रुंद दाढा उपयोगी पडतात. आफ्रिकेतल्या मोठ्या कानांच्या एका खोकडाचे मुख्य अन्न वाळवी. त्याच्या तोंडात ४६ ते ५० बारीक दात असतात आणि कातरदाढांची धार जवळजवळ गेलेली असते.

माणसाने बदललेला जबडा

रानात हे बदल लाखो वर्षांत, आहाराच्या जोडीने झाले. कुत्रा मात्र लांडग्याच्या वंशातला असून माणसाने पाळलेला. त्याच्या कित्येक जाती माणसाने केवळ रूप पाहून निवडीने घडवल्या. पगसारख्या जातीचा जबडा अगदी आखूड झाला. दातांची संख्या मात्र त्या प्रमाणात घटली नाही. चाळीसएक दात अपुऱ्या जागेत दाटीने उगवतात, उपदाढा आडव्या वळतात, फटींत अन्न अडकते आणि हिरड्यांना रोग जडतात. आपल्याला गोंडस वाटणारा हा चेहरा त्या मुक्या प्राण्याला महागात पडतो.

शाळेच्या संग्रहात कुत्र्याची किंवा कोल्ह्याची कवटी असेल, तर शिक्षकांच्या मदतीने तिचे दात मोजा, कातरदाढा ओळखा आणि सांध्याची हालचाल करून पाहा. जिवंत कुत्र्याच्या तोंडात मात्र हात घालू नका. त्याने जांभई दिली की दुरूनही पुष्कळ दिसते!