पित्ताची गोळी किती दिवस?

सकाळच्या चहाआधी पित्ताची गोळी, असा नेम आज कितीतरी घरांत दिसतो. गोळी चांगली आहे. पण ती कशासाठी आणि किती दिवस घ्यायची, हे फारसं कुणी विचारत नाही आणि नुकसान तिथेच होतं.

गैरसमज : घशाशी येतं ते आंबट पाणी म्हणजे पित्त.
ते बहुतेक वेळा जठरातलं आम्ल असतं. पित्तरस यकृतात तयार होतो, पित्ताशयात साठतो आणि स्निग्ध पदार्थ पचवायला लहान आतड्यात उतरतो. रिकाम्या पोटी उलट्या होत राहिल्या की शेवटी पडणारं हिरवट, कडू पाणी तो. अंगावर गांधी उठतात त्यालाही आपण पित्तच म्हणतो, पण पँटोप्राझोलसारख्या पित्ताच्या गोळीने त्या जात नाहीत.

गैरसमज : तिखट आणि काळजीमुळे अल्सर होतो.
त्रास वाढतो हे खरं, पण मूळ कारण बहुधा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू किंवा वेदनाशामक गोळ्या. जिवाणूच्या शोधासाठी बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना 2005 मध्ये नोबेल मिळालं. त्यावर अँटिबायोटिक्सचा पूर्ण कोर्स लागतो, नुसती पित्ताची गोळी पुरत नाही. गुडघेदुखीसाठी महिनोन्महिने डायक्लोफेनॅक घ्यायचं आणि जळजळीचं खापर मिसळीवर फोडायचं, हे थांबायला हवं.

गैरसमज : साधी गोळी आहे, कधीही आणि कितीही दिवस घ्यावी.
ओमेप्राझोल, पँटोप्राझोल ही औषधं जेवणाआधी साधारण अर्धा तास घ्यायची असतात, कारण आम्ल सोडणारे पंप अन्न आल्यावर जागे होतात आणि गोळीचा असर जाग्या पंपांवरच होतो. आम्ल वर येण्याच्या साध्या त्रासाला बहुधा चार ते आठ आठवडे पुरतात. वर्षानुवर्षं घेतल्यास ब-12 आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, आतड्यातल्या संसर्गाचा धोका वाढतो. शाकाहारी माणूस मधुमेहासाठी मेटफॉर्मिनही घेत असेल, तर ब-12 तपासून घ्यावंच. डॉम्पेरिडोन मिसळलेल्या कॅप्सूलची काळजी मला जास्त वाटते. उलटीवरचं हे औषध काहींच्या हृदयाचे ठोके बिघडवतं, म्हणून युरोपात 2014 पासून ते एरवी आठवड्याभराहून जास्त देऊ नये असा दंडक आहे. आपल्याकडे लोक तीच कॅप्सूल रोज घेतात.

गोळी एकदम सोडली की काही दिवस आम्ल उसळतं. रोग परतला असं वाटून माणूस पुन्हा गोळीकडे वळतो. म्हणून ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी. अ‍ॅस्पिरिन चालू असलेल्या कित्येक हृदयरुग्णांना मात्र ती रक्तस्राव टाळण्यासाठीच दिलेली असते. त्यांनी परस्पर बंद करू नये.

गैरसमज : छातीत जळजळतंय म्हणजे पित्तच.
सोबत घाम, धाप, जबड्यात किंवा हातात कळ असेल तर सोडा पिऊन वाट पाहू नका, 108 ला फोन करा. डांबरासारखी काळी शौच किंवा उलटीत रक्त दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. घास अडकत असेल किंवा वजन उगीच उतरत असेल तर एंडोस्कोपीबद्दल डॉक्टरांना विचारा.