टेबलापेक्षा खुर्ची अवघड

गोंदियाहून बालाघाट-नैनपूरमार्गे जाणारी गाडी ज्या जबलपूरला पोचते, तिथे १८७५ साली लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने स्नूकरचा डाव पहिल्यांदा मांडला. (पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झाला तो चेंबरलेन वेगळा. दोघांना एकच समजणं हाही एक गैरसमजच.) म्हणजे खेळ शेजारचाच. तरी गोंदियाच्या स्नूकर पार्लरमध्ये तरबेज असलेला पोरगा नागपूरच्या स्पर्धेत दुपारनंतर ढेपाळला, की निदान ठरलेलं असतं: ‘कॉन्सन्ट्रेशन कमी पडलं.’ उपायही ठरलेला: चार तास नजर टेबलावरून हलू द्यायची नाही.

सगळ्यात मोठा घोटाळा या उपायातच आहे. सलग चार तास लक्ष एकवटून ठेवणं माणसाच्या मेंदूला जमतच नाही. रडारवर नजर ठेवणारे सैनिक का चुकतात, याचा शोध घेताना नॉर्मन मॅकवर्थ या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने लोकांना दोन तास एका फिरत्या काट्याकडे बघत बसवलं. १९४८ साली त्याने निष्कर्ष मांडला: पहिल्या अर्ध्या तासातच चुका वाढू लागतात. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात २०११ साली झालेल्या प्रयोगात याची दुसरी बाजू दिसली. कंटाळवाणं काम करताना ज्यांचं लक्ष मधेच थोडा वेळ दुसरीकडे वळवलं, त्यांचं काम शेवटपर्यंत घसरलं नाही. तेव्हा मुरलेला खेळाडू लक्ष सतत ताणून धरत नाही, ते हवं तेव्हा चालू-बंद करतो. उभ्यानं शॉट ठरवायचा, चॉक लावायचा, वाकायचं आणि वाकल्यावर विचार थांबवायचा. शंका आलीच तर सरळ उभं राहून पहिल्यापासून सुरुवात. फटका झाला की लक्ष सैल सोडायचं.

‘जो सावकाश खेळतो तोच एकाग्र’ असंही पार्लरमध्ये सर्रास ऐकू येतं. स्नूकरपटू रॉनी ओ’सुलिव्हनने १९९७ साली १४७ गुणांचा सर्वोच्च ब्रेक (एकाच पाळीतली सलग कमाई) साधारण सव्वापाच मिनिटांत संपवला. उलट २०१७ च्या जागतिक पात्रता फेरीत फर्गल ओ’ब्रायन आणि डेव्हिड गिल्बर्ट यांची एकच फ्रेम १२३ मिनिटं ४१ सेकंद रंगली. लक्ष दोन्हीकडे होतं. कामाची गोष्ट वेगळीच आहे. फटक्याच्या अगदी आधी नजर चेंडूवर किती स्थिर टेकते, हे बिलियर्ड्सपटूंवर तपासलं गेलं आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात निष्णात खेळाडूंची ही शेवटची नजर नवख्यांपेक्षा जास्त वेळ टिकलेली आढळली, आणि साधलेल्या फटक्यांत ती हुकलेल्यांपेक्षा लांब होती. म्हणून टेबलाभोवती पाच प्रदक्षिणा घालण्यापेक्षा शेवटच्या क्षणी डोळे भिरभिरू न देणं जास्त उपयोगाचं.

मग सामने हातातून जातात कुठे? माझ्या मते खुर्चीत. १९७८ च्या राष्ट्रीय बिलियर्ड्स स्पर्धेत मुंबईच्या मायकल फरेरांनी ११४९ गुणांचा ब्रेक केला. हजाराचा टप्पा ओलांडणारे ते पहिले हौशी खेळाडू. बिलियर्ड्समध्ये एका फटक्याला बहुधा दोन-तीन गुण मिळतात, यावरून तो ब्रेक किती वेळ चालला असेल याचा अंदाज करा. तेवढा वेळ प्रतिस्पर्धी नुसता बसून होता, आणि त्याच्या हातात काही म्हणजे काही नव्हतं. अशा वेळी मघाची चूक उगाळत बसलेला माणूस उठेल तेव्हा दमलेला असतो. १९८५ च्या जागतिक स्नूकर अंतिम सामन्यात डेनिस टेलर ०-८ असा मागे पडला होता. संपूर्ण सामन्यात तो पहिल्यांदा पुढे गेला तो थेट शेवटच्या ब्लॅकवर. मध्यरात्र उलटून गेली होती आणि निकाल होता १८-१७. खुर्चीत बसल्यावर गुणफलकाची बेरीज-वजाबाकी नको. घोटभर पाणी, संथ श्वास आणि आपली पाळी आली हे कळण्यापुरती टेबलावर नजर, एवढं पुरे.

पार्लरमध्ये याचा सराव होत नाही, कारण तिथे हरेल त्याने भाडं द्यायचं आणि लगेच पुढची फ्रेम लावायची. पुण्यात जन्मलेल्या पंकज अडवाणीने २००५ साली माल्टात गुणांवर आणि वेळेवर खेळल्या जाणाऱ्या दोन्ही प्रकारांत जागतिक बिलियर्ड्स जिंकलं. दोन्हींची लय निराळी. पार्लर आणि स्पर्धा यांचंही तसंच, तेव्हा स्पर्धेचा सरावही निराळाच हवा. महिन्यातून एखादा तरी नऊ फ्रेमचा सामना पंच बसवून खेळून बघावा.

‘दडपण आलं की आणखी जोर लाव’ हा सल्लाही उलटतो. अंगवळणी पडलेल्या हालचालीकडे दडपणाखाली बारकाईने बघू गेलं की ती बिघडते, हे मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमाइस्टर यांनी १९८४ मध्ये दाखवून दिलं. कोपर कसं हलतंय हे त्या घडीला बघूच नये.

राहिलं खाणंपिणं. मेंदू विश्रांतीच्या वेळी शरीराची साधारण एक-पंचमांश ऊर्जा वापरतो हे खरं, पण कठीण विचाराने तो खर्च फारसा वाढत नाही. त्यामुळे दर फ्रेमला ग्लुकोजचं पाकीट फोडायची गरज नाही. गोंदियाच्या मे महिन्यात पाण्याची मात्र आहे. चहा चालतो, पण त्यातलं निम्मं कॅफीन साधारण पाच तासांनंतरही रक्तात असतं. झोप उडाली तर संध्याकाळच्या कपाची किंमत दुसऱ्या दिवशीच्या उपांत्य फेरीत मोजावी लागू शकते.

हात थरथरू नये म्हणून बीटा-ब्लॉकर गोळी घेण्याची कल्पना तर धोक्याची. कॅनडाचा बिल वर्बेन्युक हातातला कंप थांबवायला बिअर प्यायचा आणि प्रोप्रानोलॉल हा बीटा-ब्लॉकरही घ्यायचा. आज उत्तेजक-विरोधी नियमांनुसार बिलियर्ड्सच्या सर्व प्रकारांत स्पर्धेदरम्यान बीटा-ब्लॉकरवर बंदी आहे. रक्तदाबासाठी ज्यांची अशी गोळी चालू आहे, त्यांनी ती परस्पर बंद करू नये. डॉक्टरांशी बोलावं आणि नियम लागू असलेल्या स्पर्धेत उतरण्याआधी उपचारार्थ सवलतीचा अर्ज करावा.