उपकारांची टोपली

कापणी आटोपली की नंदुरबार-नवापूरकडच्या एखाद्या चर्चवरून रविवारी सकाळी जाऊन पाहा. दारात बैलगाडी नाहीतर टेम्पो उभा असतो आणि बायका डोक्यावरच्या टोपल्या उतरवीत असतात. भाताच्या लोंब्या, ज्वारीची कणसं, लाल भोपळा, पाय बांधलेली कोंबडीसुद्धा! तुम्हांला वाटेल, आज इथे बाजार भरला की काय. बाजार नव्हे हो. ही आमची हंगामाची उपकारस्तुती.

"पीक चांगलं आलं म्हणून देवाचे आभार, एवढंच ना?" असं आमच्या शाळेतल्या एका बाईंनी मला विचारलं. तेही आहेच. पण ख्रिस्ती माणूस सर्वांत आधी आभार मानतो ते तारणाचे. आता 'तारण' म्हटलं की आपल्याला कर्जापायी गहाण पडलेल्या पाटल्या आठवतात! इथे मात्र तारणं म्हणजे पैलतीराला नेणं. प्रकाशाला तापीचं पावसाळ्यातलं पात्र ज्यांनी काठावर उभं राहून पाहिलंय, त्यांना हा शब्द फोड करून सांगायला नको. आपण आपल्या बळावर पोहून आलो नाही, दुसऱ्यानं हात दिला, आणि तो हात देताना येशूनं स्वतःचा जीव वेचला, ही आमची श्रद्धा.

पण मग तारणाचा आणि भोपळ्याचा संबंध काय?

संबंध फार जुना आहे. बायबलच्या जुन्या करारात अनुवाद नावाचं पुस्तक आहे. त्याच्या २६ व्या अध्यायात पहिल्या पिकाची टोपली देवापुढे कशी न्यायची ते सांगितलंय. गंमत अशी, की शेतकऱ्यानं तिथे आधी पिकाबद्दल बोलायचंच नाही. आधी सांगायचं, की आमचे पूर्वज मिसर देशात गुलाम होते, त्यांचे हाल झाले आणि देवानं त्यांना तिथून सोडवून आणलं. मग टोपलीची गोष्ट. शिवाय मांडवांचा सण होताच. सात दिवस घर सोडून फांद्यांच्या मांडवात राहायचं, का, तर सुटून आल्यावर वाडवडील असेच उघड्यावर राहिले होते. पक्क्या भिंतींच्या आत माणूस विसरतो, असंच त्यांना वाटलं असावं. आपल्याकडे पिकाच्या राखणीला माळ्यावर रात्र काढलेल्या बाईला विचारा. अंगावर दव पडतं, बाजूला काळोख, आणि आपण किती एवढेसे आहोत ते आपोआप कळतं.

माझं माहेर नगरचं, म्हणजे आताचं अहिल्यानगर. तिथे रेव्हरंड ना. वा. टिळकांचं नाव घरोघर. १८६१ चा त्यांचा जन्म, १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा. 'वनवासी फूल' लिहिणारा हा कवी फुलापाखरांत देव पाहायचा. तारणाचे आभारही त्यांनी साहेबी चालीत नाही, अभंगात मानले, म्हणूनच ते आमच्या आजीच्या तोंडी बसले. मला विचाराल तर मात्र लक्ष्मीबाईंचं मोल अधिक. नवऱ्याच्या धर्मांतरानंतर सुमारे पाच वर्षांची ताटातूट सोसून, स्वतःला पटल्यावरच त्यांनी १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. कवीच्या संसारात फुलं पुष्कळ असतात, पिठाचा डबा कुणीतरी पाहावा लागतो! 'स्मृतिचित्रे' वाचलं नसेल तर जरूर मागवा.

इथे सातपुड्याच्या पायथ्याशी तारणाला आणखी एक अर्थ आहे. नंदुरबारच्या शिवारात मिरचीच्या पथाऱ्या तुम्ही पाहिल्या असतील, जमीन लालभडक दिसते. एका साली अवकाळी पाऊस आला, मिरची भिजली आणि देठ खुडणाऱ्या बायकांची मजुरी बुडाली. त्यांतलीच एक बाई रविवारी ओंजळभर ज्वारी घेऊन आली. मी म्हटलं, "अगं, या वर्षी राहू द्यायचं."

ती म्हणाली, "बाई, कमी होतं तर कमी आणलं. पण माझं देणं ज्वारीचं नाही." मग हळूहळू सांगू लागली. गावात एकाचं पोर दगावलं तेव्हा तिच्या सासूवर डाकीण म्हणून आळ आला. घरच्या बायका दिवस मावळल्यावर नाल्यावर पाण्याला जाईनात. लोकांची भीती, भुतांचीही भीती. असा आळ घेणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा ठरलंय, पण मनातली भीती कायद्यानं लगेच थोडीच जाते? प्रार्थनेला जाऊ लागल्यावर तिची गेली. "आता अंधारातसुद्धा गाणं म्हणत जाते," ती म्हणाली. "तोच नाला, तीच झाडं."

सगळ्यांचीच भीती अशी जाते असं नाही. रोज चर्चला येऊन घुबड ओरडलं की दचकणारेही मी पाहिलेत. पण हिच्या ओंजळीपुढे माझं कापडी पिशवीतलं, दुकानातून आणलेलं पाच किलोचं तांदूळ मला अगदी ओशाळवाणं वाटलं.

उपासना संपली की या वस्तूंचा लिलाव होतो, बरं का, आणि तो सर्वांना खुला असतो. शेजारणीनं बोलावलं तर अवश्य जा. जाताना पिशवी आणि सुटे पैसे न्या. गावठी लसूण नि तुरीची डाळ पहिल्या दहा मिनिटांतच उडते. त्या दिवशी ओंजळभर ज्वारीची बोली दोनशेवर गेली, आणि तीही एका म्हाताऱ्या मजुरानं घेतली.