भू-राजकीय तणाव आणि परकीय गुंतवणूकदारांचे प्रकटीकरण : भारताचा अनुभव

प्रकटीकरणाचे नियम मुळात बाजारातील पारदर्शकतेसाठी असतात. राष्ट्रांमधील संबंध बिघडले, की त्याच नियमांकडून राष्ट्रीय सुरक्षेची अपेक्षा होऊ लागते. सूचिबद्ध कंपनीत एक टक्का वा अधिक भाग धारण करणाऱ्याचे नाव तिमाही विवरणपत्रात द्यावे लागते. मार्च २०२० अखेरच्या विवरणपत्रातून एचडीएफसीमधील चीनच्या मध्यवर्ती बँकेचा १.०१ टक्के हिस्सा उघड झाला आणि एरवी फारसा न वाचला जाणारा हा तक्ता चर्चेचा विषय ठरला.

१७ एप्रिल २०२० च्या प्रसिद्धीपत्रक क्रमांक ३ द्वारे भारताशी भूसीमा असलेल्या देशांतून येणाऱ्या थेट गुंतवणुकीस शासनाची पूर्वपरवानगी आवश्यक झाली. त्यापूर्वी हे बंधन पाकिस्तान व बांगलादेशपुरतेच होते. पैसा सिंगापूरमार्गे आला, तरी त्याचा 'लाभार्थी मालक' कोठला, हे पाहिले जाऊ लागले. किती टक्क्यांना लाभार्थी मालक मानावे, हे मात्र पत्रकात नव्हते. शिवाय पोर्टफोलिओ गुंतवणूक नियमाबाहेर राहिली; म्हणजे ज्या प्रकारच्या खरेदीवरून वाद उठला, तीच मोकळी.

ही फट बुजविण्यासाठी सेबीने ऑगस्ट २०२३ मध्ये भारतीय समभागांत २५,००० कोटी रुपयांहून अधिक गुंतवणूक असलेल्या परकीय निधींना, कोणतीही किमान टक्केवारी न ठेवता, शेवटच्या व्यक्तीपर्यंत मालकीचा तपशील देणे बंधनकारक केले. २०२५ मध्ये ही मर्यादा ५०,००० कोटींवर नेली. शासकीय व शासनसंलग्न गुंतवणूकदारांना मात्र यातून सूट देण्यात आली. आणि वादाला तोंड फुटले होते, ते एका मध्यवर्ती बँकेच्याच खरेदीने.